उंबऱ्यावरून पाहिलेली कुस्ती

रूपाली पावशे मॅडमच्या तासाला झोपलेला विद्यार्थी अजून जन्माला यायचाय, असं बेळगावच्या त्या कॉलेजात सगळे म्हणत, आणि ते ऐकून रूपालीला मनातून बरं वाटे. वाटायला कारणही होतं. शेजारच्या वर्गात गणित विभागाचे प्रमुख देसाई सर वर्षानुवर्षं त्याच नोट्स त्याच आवाजात सांगत होते. सर सांगत, पोरं लिहून घेत, मागच्या बाकांवर माना डुलत, आणि घंटा झाली की सर आणि पोरं एकदमच जागे होत. रूपालीला या सगळ्याचा तिटकारा होता. ती गेस्ट लेक्चरर, तिची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, पण शिकवण्यात देसाई सर आपल्यापुढे पाणी भरतील असं तिचं ठाम मत होतं.

तिची पद्धत साधी होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिरायचं, हजेरी घ्यायची, खडू पुढे करायचा आणि एक नाव पुकारायचं. "चल, उतर." म्हणजे बाकावरून ऊठ आणि फळ्यापाशी ये. आलेल्यानं सगळ्यांसमोर गणित सोडवायचं. चुकलं तर रूपाली चूक दाखवत नसे. नियम एकच होता, चूक सापडेपर्यंत खाली बसायचं नाही. मुलं आपसात त्या तासाला 'कुस्ती' म्हणत. हे नाव तिच्या कानावर आलं तेव्हा ती रागावली तर नाहीच, उलट सुखावली. कंग्राळीच्या शामू वस्तादांची ती मुलगी, तिला कुस्ती म्हटलेलं का आवडणार नाही?

त्यांच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. लहानपणी रोज सकाळी रूपाली दुधाची कासंडी घेऊन तिथं जायची. आत मारुतीची मूर्ती, म्हणून बाईमाणसानं उंबरा ओलांडायचा नाही असा रिवाज. कासंडी उंबऱ्यावर ठेवायची आणि कुणीतरी येऊन नेईपर्यंत बाहेर उभं राहायचं. तेवढ्यात जे दिसायचं ते तिनं डोळे भरून पाहिलं होतं. लाल मातीचा हौद, आणि त्यात तिचे आप्पा, शामू वस्ताद, एकेका दांडग्या पोराला उचलून आपटतायत. पोरगं उठायचं, माती झटकायचं आणि पुन्हा भिडायचं. दुसऱ्या दिवशी परत हजर. त्यातले काही पुढं नावाजलेले पैलवान झाले. माणूस पडल्याशिवाय घडत नाही हे तिनं त्या उंबऱ्यावर शिकून घेतलं, आणि एम.एस्सी. झाल्यावर तेच वर्गात आणलं.

वर्गात सोनम कांबळे होती. निपाणीची, बेळगावात हॉस्टेलवर राहणारी, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजीत बोलायची वेळ आली की ती गप्प बसायची, पण हॉस्टेलवरून सोडवून आणलेली तिची गणितं अशी नेटकी असत की एरवी कौतुकाला कंजूष असलेली रूपालीही ती दोनदा वाचायची. तिचा या पोरीवर जीव होता. आणि तालमीत ज्याच्यावर जीव त्यालाच जास्त माती चाखायला लावतात, म्हणून तिला ती सगळ्यात जास्त वेळा उतरवायची.

त्या दिवशीही उतरवली. सोनमनं गणित सुरू केलं, हात झरझर चालत होता. मध्येच एका ओळीत तिनं दोन्ही बाजूंना एका पदानं भागलं. ते पद शून्यही असू शकतं, आणि शून्यानं भागता येत नाही, हे बघायचं राहून गेलं. शेवटी उत्तर भलतंच आलं.

"पडलीस," रूपाली म्हणाली. "शोध."

सोनम वरून खाली वाचत गेली, खालून वर वाचत आली. काही दिसेना. बाकीचे सगळे आपापल्या बाकाकडे बघत बसले होते, कारण वर बघितलं आणि मॅडमशी नजरानजर झाली तर पुढचं नाव आपलं. तिनं एक ओळ पुसली, पुन्हा तीच लिहिली. तास निम्म्यावर आला तरी ती उभीच होती. रूपालीला वाटलं, आता हिला चिडवलं पाहिजे. पोरगं चिडलं की ताकद लावतं, हेही उंबऱ्यावरूनच पाहिलेलं.

"खोलीवरनं आणतेस ते सगळं बरोबर, आणि इथं आलीस की पडतेस," ती म्हणाली. "मग खोलीवर तुझं गणित करतंय तरी कोण?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. शेवटच्या बाकावरचा रविराज नाकातून हसला, त्याच्या शेजारचे दोघंही हसले. सोनमनं खडू फळ्याच्या पट्टीवर ठेवला, हळूच, मोडू नये असा. मग ती जागेवर जाऊन बसली नाही. तिनं बॅग उचलली आणि वर्गाबाहेर गेली.

"येईल उद्या," रूपालीनं वर्गाला सांगितलं. "पडलेला परत येतोच."

ती दुसऱ्या दिवशी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी रूपालीनं सोनमच्या खोलीत राहणाऱ्या, त्याच वर्गातल्या नीलमला व्हरांड्यात थांबवलं.

"सोनम कुठं आहे गं?"

"निपाणीला गेली, मॅडम. कॉलेज सोडणार म्हणतीय." नीलम चपलेच्या टोकाकडं बघत बोलत होती.

"एवढ्यानं? पैलवान असा पळतो होय मैदान सोडून?"

नीलमनं मान वर केली. ती चुणचुणीत पोरगी होती, पण मॅडमपुढं कधी तोंड उघडलेलं नव्हतं. "मॅडम, ती पैलवान न्हाय. आम्ही कुणीच न्हाय. तुमचा तास असला की सकाळपासनं पोटात गोळा येतोय आमच्या. गणिताकडं लक्षच राहत न्हाय, आपलं नाव येतंय काय एवढंच ऐकत बसतो आम्ही." एवढं बोलून आपणच घाबरल्यासारखी ती पायऱ्या उतरून गेली.

रूपालीला राग आला. स्टाफरूममध्ये येऊन तिनं तो देसाई सरांपुढं काढला. सर डबा खात होते.

"दरवर्षी चार-दोन जातात, पावशे मॅडम. मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. मग घास गिळून सहज पुढं बोलले, "फक्त एक बघा. शेवटच्या वर्षाला गणित कोण घेणार म्हणून मी मागं विचारलं होतं. तुमच्या वर्गातनं हात वर केलेली ती एकटीच होती."

रूपाली उभी होती ती खुर्चीत बसली. माझ्या तासाला कुणी झोपत नाही, एवढंच ती आजवर बघत आली होती. जागी राहिलेली पोरं गणितापासून लांब पळायची वाट बघतायत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. देसाई सरांच्या वर्गातनं किती हात वर झाले हे विचारायचं तिला धैर्य झालं नाही.

पुढच्या शनिवारी अंतर्गत परीक्षा होती. त्या परीक्षेला सोनम बसली नाही तर सेमिस्टर हातचं जाणार, आणि एकदा घरी बसलेली पोरगी परत कॉलेजात येणं किती कठीण असतं हे रूपालीला कुणी सांगायला नको होतं. रविवारी ती निपाणीच्या गाडीत बसली. काकती मागं पडेपर्यंत तिनं बोलायची वाक्यं ठरवली, संकेश्वर येईपर्यंत ती बदलली, आणि निपाणीत उतरल्यावर त्यातलं एकही आठवेना.

सोनमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत होतं. वडील मायाप्पा बसवर ड्रायव्हर, ते ड्यूटीवर होते. आई यल्लव्वा दारात उभ्या राहिल्या. त्यांनी रूपालीला आपादमस्तक पाहिलं, मग बाजूला झाल्या.

"या, बसा. सोनम, तुझ्या मॅडम आल्यात गं."

सोनम आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशीच. रूपालीला ते बघवेना.

"बस की गं," ती म्हणाली. सोनम बसली नाही. "शनिवारी परीक्षा आहे, सोनम. गैरहजर राहिलीस तर सेमिस्टर जाईल."

"माहीत हाय, मॅडम. मी उद्या टी.सी. न्यायला येणार हाय."

"अगं, मी गणितापुरतं बोलले. आमच्या तालमीत असंच बोलतात. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं."

सोनमनं आईकडं पाहिलं. बोलल्या त्या यल्लव्वा. चहाचा कप रूपालीच्या हातात देऊन त्या समोर बसल्या, आणि आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "तुमच्या मनात न्हवतं, ते मला पटतंय मॅडम. पण हिचं काम दुसरं कोणतरी करतंय म्हणलासा, आणि मागनं पोरं हसली. ती काय गणिताला हसली व्हय? आमचं पोरगं जरा पुढं गेलं की लोकं पयल्यांदा हेच इचारत्यात, कुणामुळं गेलं म्हणून. हिचा भाऊ अमरदीप नोकरीला लागला तवाबी इचारलं. आमाला सवय हाय ऐकायची. हिला वाटलं हुतं, गणितात तरी तसं कोण इचारणार न्हाय."

कप रूपालीच्या हातात तसाच राहिला. लाज वाटली तिला, सरळ शब्दांत सांगायचं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे वाक्य जरा सहज निघालं असं तिचं तिलाच वाटलं, आणि सोनमलाही तसंच वाटलं असावं.

"मॅडम, एक इचारू?"

"विचार."

"तुम्ही फळ्यावर कधी चुकलाय?"

रूपालीला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. शिकवायचं प्रत्येक गणित ती आदल्या संध्याकाळी घरी सोडवायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ करायची, आणि मगच वर्गात जायची. गेस्ट लेक्चरर बाई फळ्यावर चुकली तर लोक काय म्हणतील, ही धास्ती पहिल्या दिवसापासून तिच्या मनात होती.

"म्हणजे तुम्ही घरनं तयारी करून येता," सोनम शांतपणे म्हणाली. "आणि आम्ही मात्र तिथं उभं राहून पडायचं."

रूपालीनं गार झालेला चहा संपवला आणि ती उठली. यल्लव्वा तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या, पण पोरीला समजावते असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आई नागुबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती आणि शामू वस्ताद शेजारी पाटावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. एके काळी ज्या गुडघ्यांखाली भलेभले दाबले गेले ते आता जिना चढू देत नव्हते. रूपाली त्यांच्यासमोर बसली आणि तिनं सरळच विचारलं.

"आप्पा, तुम्ही आपटलेली पोरं दुसऱ्या दिवशी परत कशी यायची?"

"न यायला काय झालं? त्येच्या आधी लई दिवस त्यांनी मला आपटलेलं असायचं."

"तुम्हाला?"

"मग? पोराला पट काढायला शिकवायचा म्हंजे पाय कुणाचा द्यायचा? आपलाच की. पोरगं वढतंय, आपण पडायचं. उठायचं, परत पाय द्यायचा, परत पडायचं." वस्ताद रंगात आले. "ह्यो गुडघा कुणा पैलवानानं घालवला न्हाय, शिकणाऱ्या पोरांनीच घालवला. वस्तादबी मातीत पडतोय एवढं पोरानं बघितलं की त्याला पडायचं भ्या ऱ्हात न्हाय. मग आपट किती आपटायचं त्ये."

"मी तुम्हाला पडताना कधी बघितलं नाही."

"कशी बघशील? ते पहाटंचं काम. तू दूध घेऊन यायचीस उजाडल्यावर, तवा जोड्या लागलेल्या असायच्या. आणि तू उभी उंबऱ्याच्या भाईर."

रूपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आत येऊ द्यायचं होतंसा, आप्पा. मला अर्धंच दाखवलंसा. तेवढ्यावर मी शिकवायला लागले. एका पोरीचं कॉलेज सुटायला आलंय त्यापायी."

नागुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. या घरात वस्तादांशी असं कुणी बोलत नसे. वस्तादांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"तसा रिवाज हुता गं," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा आला.

रूपाली जेवली नाही. राग आप्पांवर होता, रिवाजावर होता, पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता. उंबऱ्यावरून दिसलं तेवढीच कुस्ती असं आपण धरून चाललो, आणि आत काय चालतं ते एकदाही विचारलं नाही. सोमवारच्या तासाची तयारी करायला ती बसली आणि पुस्तक मिटून उठली.

सोमवारी वर्गात हजेरी झाली. सोनमच्या नावाला कुणी ओ दिली नाही. खडू हातात घेऊन रूपाली उभी राहिली तसे सगळे बाकांकडे बघायला लागले.

"आज मी उतरते," ती म्हणाली. "गणित तुम्ही घाला. मी आधी न बघितलेलं."

यात काहीतरी मेख आहे असंच सगळ्यांना वाटलं. बऱ्याच वेळानं मागच्या बाकावरच्या रविराजनं मोबाईलमध्ये बघून एक गणित सांगितलं, डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आहे हे सिद्ध करायचं. रूपालीनं ते फळ्यावर लिहिलं. मनात तिनं ठरवून ठेवलं होतं, आप्पांसारखं पडायचं. मध्येच एखादी चूक मुद्दाम करायची आणि पोरांना ती शोधू द्यायची.

मुद्दाम करायची वेळच आली नाही. निम्मा फळा भरला आणि दोन्ही बाजू जुळेनात. तिनं पुन्हा वाचलं. जुळेनात. मग तिच्या लक्षात आलं की ती खरोखरच पडली आहे आणि चूक कुठं आहे हे तिला माहीत नाही. पाठीवर सगळ्या वर्गाची नजर टोचत होती. फळ्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी वळवळायला लागली, पोटात गोळा आला, आणि नीलम काय म्हणत होती ते तिला तिथं उभं राहून कळलं. मागं कुणीतरी खोकलं. ते हसणं दाबलेलं होतं की नुसतं खोकणं, हे वळून बघायचं तिला धाडस होईना.

"मॅडम."

आवाज दारातून आला. सोनम उंबऱ्याबाहेर उभी होती, हातात कागद. "टी.सी.साठी तुमची सही पाहिजे. ऑफिसात सांगितलंय."

रूपालीनं कागदाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "देते. पण सोनम, मी अडकलेय. कुठं चुकलंय ते दिसेना." ती फळ्यापासून जरा बाजूला झाली. "आत ये."

सोनम आत आली नाही. दारातूनच तिनं फळा वाचायला सुरुवात केली, वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश. आता ही सही घेऊन जाणार असं नीलमला वाटत होतं, आणि रूपालीलाही तसंच वाटत होतं. रूपालीचा खडू धरलेला हात खाली आला. आपण आता खुर्चीवर जाऊन बसावं, सही करावी आणि हा तास संपवावा, एवढंच तिच्या मनात आलं. ती खुर्चीकडं वळलीसुद्धा.

"मॅडम," सोनम म्हणाली, "चूक सापडेपर्यंत खाली बसायचं न्हाय."

रूपाली होती तिथं थांबली. पोरीच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता. नियम मॅडमचाच होता.

"व्हय," रूपाली म्हणाली. "बसत न्हाय."

सोनमनं कागदाची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि उंबरा ओलांडला. पट्टीवरचा दुसरा खडू उचलून ती रूपालीच्या शेजारी येऊन उभी राहिली. "पहिल्या ओळीपासनं बघूया."

"मला दुसऱ्या ओळीतल्या चिन्हाचा संशय येतोय," बाकावरून नीलम म्हणाली. या वर्गात आजवर न विचारता कुणी बोललं नव्हतं. "न्हाय, ते बरोबर हाय," रविराज उठून पुढं आला, "खालचं बघा की." कुणीतरी त्याला बाजूला हो म्हणालं, फळा दिसेना म्हणून. रूपाली पुसत होती, सोनम लिहीत होती, चूक काही सापडत नव्हती.

घंटा झाली. कुणी जागचं उठलं नाही. पुढचा तास देसाई सरांचा. नोट्स काखोटीला मारून ते दारात आले आणि वर्गातला गोंधळ बघून घसा खाकरले.

सोनमनं खडू न ठेवताच मागं वळून पाहिलं.

"सर, जरा थांबा," ती म्हणाली. "मॅडम अजून खाली बसल्या न्हाईत."